जन्मजात अंधत्व आणि जनुक उपचार : पंचवीस वर्षांची वाटचाल

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न व त्यांची उत्तरे शेवटी जोडली आहेत.)



या आठवड्यात इथे गाणी झाली, पाककृती स्पर्धा झाली, बालगोपाळांचं नाटक झालं. त्यानंतर एका निवृत्त नेत्रतज्ज्ञाचं भाषण ऐकायला तुम्ही एवढ्या संख्येनं बसलात, याबद्दल आधी आभार मानतो. सचिवांनी मला बजावलं होतं, ‘डॉक्टर, मोतीबिंदू आणि काचबिंदूवर बोलू नका. ते आम्ही तुम्हाला लिफ्टमध्ये विचारतोच. काहीतरी नवीन सांगा.’ म्हणून हा विषय घेतला.

विषय निवडायला निमित्त मात्र आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपनं दिलं. मध्यंतरी तिथे एक मेसेज फिरत होता: ‘जन्मांध मुलांना एका इंजेक्शननं दृष्टी, जास्तीत जास्त लोकांना पाठवा.’ दोन दिवसांत तिघांनी मला जिन्यात थांबवून विचारलं, हे खरं आहे का हो? उत्तर आहे, हो, खरं आहे. पण हे ‘खरं’ कोणासाठी आणि किती, ते त्या मेसेजमध्ये नव्हतं. ते सांगायला मला आज पाऊण तास दिला आहे.

आपला डोळा कॅमेऱ्यासारखा असतो असं शाळेत शिकवतात. मी आज उपमा आपल्या बिल्डिंगचीच घेतो. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्याला रेटिना म्हणतात. त्यात प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. एका डोळ्यात अशा सुमारे १२ कोटी पेशी कमी उजेडात काम करतात आणि सुमारे ६० लाख पेशी भरपूर उजेडात रंग व बारकावे टिपतात. या पेशी म्हणजे आपले फ्लॅट. या फ्लॅटना मागून लागून काळपट पेशींचा आणखी एक थर असतो. तो थर म्हणजे आपली पंपरूम. एरवी तिकडे कोणी फिरकत नाही, पण ती बंद पडली की सगळ्यांचे नळ कोरडे पडतात.

या फ्लॅटना जे पाणी लागतं ते म्हणजे अ जीवनसत्त्वापासून तयार होणारा एक पदार्थ. त्याचा रेणू वाकलेला असतो. प्रकाशाचा किरण पडला की तो सरळ होतो आणि त्यातून मेंदूकडे संदेश निघतो. हे कोडं जॉर्ज वॉल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञानं उलगडलं आणि १९६७ सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. आता, सरळ झालेला रेणू पुन्हा वाकवून फ्लॅटकडे परत पाठवला पाहिजे, नाहीतर पुढचा किरण टिपायला साठाच उरणार नाही. हे काम पंपरूमचं. त्यासाठी तिथे एक प्रथिन लागतं आणि ते बनवण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते त्याचं नाव आहे आरपीई-६५. हे एक नाव तेवढं लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

आरपीई-६५ मध्ये दोष असलेलं मूल जन्माला येतं तेव्हा त्याचे डोळे बाहेरून अगदी चांगले दिसतात. आईला दोन-तीन महिन्यांत शंका येते. पाजताना बाळ चेहऱ्याकडे बघत नाही. डोळे भिरभिरतात. काही बाळं मुठीनं डोळे दाबत राहतात, काही दिव्याकडे टक लावून बघतात. मोठं झाल्यावर दुपारी उन्हात थोडंफार दिसतं, पण दिवेलागणीनंतर जवळपास काहीच नाही. पुढे वय वाढेल तसं उरलेलंही कमी होत जातं. जन्मापासूनच्या अशा अंधत्वाचं वर्णन थिओडोर लेबर या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८६९ साली केलं, म्हणून त्याला लेबरचं नाव आहे. हा आजार वीसहून अधिक वेगवेगळ्या जनुकांमधल्या दोषांमुळे होऊ शकतो. आरपीई-६५ हे त्यांतलं फक्त एक. पडद्याचे सगळेच आनुवंशिक आजार मोजले तर जनुकांची संख्या अडीचशेच्या पुढे जाते.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट बोलतो, कारण आपल्याकडे तिची फार गरज आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. आरपीई-६५ ची एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावून नेते, आणि त्या माणसाला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. आई आणि वडील दोघांकडेही अशी एकेक बिघडलेली प्रत असली, आणि बाळाला नेमक्या त्या दोन्ही मिळाल्या, तरच आजार होतो. प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक. म्हणजे दोष दोघांकडून सारखा आलेला असतो आणि दोघांनीही तो मुद्दाम आणलेला नसतो.

माझ्या प्रॅक्टिसच्या काळात असं मूल घेऊन येणाऱ्या कुटुंबात बहुतेक वेळा आईच मान खाली घालून बसलेली असे. सांगलीकडचं एक कुटुंब मला विसरता येत नाही. आठ महिन्यांचा मुलगा, बरोबर आई, वडील आणि आजी. मी तपासत असतानाच आजी म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, ग्रहणात हिनं विळी हातात घेतली होती. मी सांगत होते, ऐकलं नाही.’ ती मुलगी चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. काही बोलली नाही. नवरा खिडकीबाहेर बघत होता. मी विचारलं, तुम्ही दोघं नात्यातले का? तर हो, हक्काची मामेबहीण. लग्न आजींनीच ठरवलेलं.

नात्यातलं लग्न केलं म्हणजे मूल आंधळं होणारच असं अजिबात नाही, आणि कुठलंही नातं नसलेल्या जोडप्यांनाही अशी मुलं होतात. पण सख्ख्या आते-मामे भावंडांचा आठवा हिस्सा जनुकीय वारसा सामाईक असतो. त्यामुळे आजोबांकडची तीच बिघडलेली प्रत दोघांकडेही उतरलेली असण्याची शक्यता वाढते. हे मी त्या आजींना कागदावर आकृती काढून दाखवलं. कागदाच्या टोकाला आजींच्या वडिलांचं वर्तुळ होतं. आजी बराच वेळ त्या कागदाकडे बघत होत्या. त्या कुटुंबाचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो.

आधी उपचाराचा इतिहास बघू. कल्पना साधी आहे: बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत पेशीत पोचवायची. पोचवणार कोण? विषाणू. विषाणू हा निसर्गातला कुरिअरवाला आहे. पेशीच्या आत शिरून आपला मजकूर तिथे टाकणं एवढंच त्याला येतं. शास्त्रज्ञ त्याच्या बॅगेतला त्याचा मजकूर काढून टाकतात आणि आपलं पार्सल ठेवतात.

आपली सोसायटी १९९९ साली नोंदली गेली. पहिले रहिवासी आले तेव्हा जिन्याला कठडा नव्हता आणि पाण्याचे टँकर यायचे, हे आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९९ रोजी, अमेरिकेत फिलाडेल्फिया इथे जेसी गेलसिंगर नावाचा १८ वर्षांचा मुलगा वारला. त्याला यकृताचा एक आनुवंशिक आजार होता. गोळ्या आणि पथ्यावर तो बऱ्यापैकी जगत होता. इतर आजारी बाळांना उपयोग होईल म्हणून तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या प्रयोगात स्वतःहून सहभागी झाला. विषाणूतून जनुक दिल्यावर त्याच्या शरीरानं त्या विषाणूवर इतका जबरदस्त हल्ला चढवला की चार दिवसांत त्याचे अवयव निकामी झाले. पुढच्या काही महिन्यांत सरकारनं त्या संस्थेचे माणसांवरचे प्रयोग थांबवले. जगभर या शाखेला मोठा धक्का बसला. पैसा आटला, लोक दुसरीकडे वळले.

त्याच विद्यापीठात एक डॉक्टर दांपत्य काम करत होतं, जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर. योगायोग बघा, बाईंचं नावच जीन! त्यांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी डोळ्यावरचं काम सोडलं नाही. डोळाच का, याला कारणं आहेत. तो लहान आणि बंदिस्त आहे, त्यामुळे औषधाचा एक थेंब पुरतो आणि ते शरीरभर फारसं पसरत नाही. दुसरं म्हणजे आपल्या शरीराचा वॉचमन, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती, डोळ्याच्या आत जरा नरमाईनं वागतो. आणि एका डोळ्यावर उपचार केला की दुसरा डोळा तुलनेला राहतो. शिवाय त्यांनी विषाणूही वेगळा निवडला. जेसीला दिला होता तो सर्दी-तापाच्या कुळातला होता. हा दुसरा, एएव्ही नावाचा, अगदी लहान आणि माणसाला कुठलाही आजार करत असल्याचं माहीत नसलेला.

ब्रियार्ड नावाच्या जातीच्या काही कुत्र्यांत निसर्गतःच आरपीई-६५ चा दोष आढळतो. अशा जन्मांध पिल्लांच्या एका डोळ्यात चांगलं जनुक सोडलं. काही आठवड्यांत ती त्या बाजूनं अडथळे चुकवून चालायला लागली. तीन कुत्र्यांवरचा हा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या लॅन्सलॉट नावाच्या कुत्र्याला वॉशिंग्टनला संसदेतल्या लोकप्रतिनिधींसमोरही नेलं गेलं. जेसीच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांत हे घडलं.

माणसापर्यंत यायला आणखी सहा वर्षं गेली. २००७ साली लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालयात आणि नंतर त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयात पहिल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली. एप्रिल २००८ मध्ये दोन्हीकडच्या तीन-तीन तरुण रुग्णांचे अहवाल एकदमच प्रसिद्ध झाले. उपचार सुरक्षित वाटत होता आणि काहींना अंधुक उजेडात पूर्वीपेक्षा चांगलं दिसू लागलं होतं.

मग आली मोठी चाचणी. ३१ रुग्ण, वय वर्षं ४ ते ४४. त्यातल्या २१ जणांना उपचार द्यायचा, १० जणांना वर्षभर थांबवायचं आणि तुलना करायची, असं चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. दृष्टी मोजायची कशी? भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता इथे पुरेसा नव्हता. म्हणून जमिनीवर बाण काढून एक वेडावाकडा रस्ता आखला, मधे अडथळे ठेवले आणि वेगवेगळ्या उजेडात तो चालून दाखवायला सांगितला. सर्वांत कमी उजेड होता १ लक्स, म्हणजे साधारण घरातल्या झिरोच्या बल्बाच्या जवळपास. वर्षभरानंतर उपचार पूर्ण झालेल्या २० पैकी १३ जण त्या सर्वांत कमी उजेडातही रस्ता पार करून गेले. उपचार न झालेल्यांपैकी एकालाही ते जमलं नाही. तक्त्यावरची अक्षरं वाचण्यात मात्र दोन्ही गटांत ठाम म्हणावा असा फरक पडला नाही. हे दोन्ही निकाल एकत्र लक्षात ठेवायला हवेत. या मुलांना संध्याकाळी एकट्यानं चालता येऊ लागलं, त्यांचं आयुष्य बदललं. पण चष्म्याविना पेपर वाचण्याइतकी नजर त्यांना मिळाली असा याचा अर्थ नाही.

१९ डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं लक्सटर्ना या नावानं या औषधाला मंजुरी दिली. आनुवंशिक आजारावर थेट शरीरात देण्याचा तो अमेरिकेतला पहिला मंजूर जनुक उपचार. २०१८ मध्ये युरोपनं मान्यता दिली आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत तो देण्याची शिफारस २०१९ मध्ये झाली.

‘इंजेक्शन’ या शब्दानं गैरसमज होतो, म्हणून प्रत्यक्ष काय करतात तेही सांगतो. ही ऑपरेशन थिएटरमधली नाजूक शस्त्रक्रिया आहे. डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढून, केसाएवढ्या सुईनं पडद्याच्या मागे ०.३ मिलिलीटर औषध सोडतात. त्यात १५ हजार कोटी विषाणू असतात, प्रत्येकाच्या बॅगेत आरपीई-६५ ची चांगली प्रत. ते पंपरूमच्या पेशींत शिरतात आणि त्या पेशी प्रथिन बनवायला लागतात. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया निदान सहा दिवसांनी. वॉचमन जागा होऊ नये म्हणून काही काळ स्टेरॉइड द्यावं लागतं.

आता यातल्या मर्यादा.

पहिली मर्यादा वेळेची. पंप दुरुस्त झाला तरी जे फ्लॅट आधीच ढासळले आहेत ते उभे राहत नाहीत. पाण्याविना वर्षानुवर्षं राहिलेल्या पेशी हळूहळू मरतात. म्हणून ज्याच्या पडद्यात पुरेशा जिवंत पेशी उरल्या आहेत, त्यालाच हा उपचार देतात.

दुसरी टिकाऊपणाची. मोठ्या चाचणीतल्या रुग्णांचा फायदा बरीच वर्षं टिकल्याचं दिसलं आहे. पण इतर दोन गटांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, काही रुग्णांची सुधारणा एक ते तीन वर्षांत शिखर गाठून ओसरू लागल्याचं नोंदवलं. उपचारानंतर पडद्यामागचा काही भाग झिजत गेल्याचंही काही रुग्णांत आढळलं आहे.

तिसरी पार्सलच्या मापाची. एएव्हीच्या बॅगेत जेमतेम ४७०० अक्षरांचा मजकूर मावतो. आरपीई-६५ चा मजकूर सुमारे १६०० अक्षरांचा, म्हणून तो आरामात बसला. तरुण वयात नजरेचा मधला भाग नेणाऱ्या स्टारगार्ट या आजाराच्या जनुकाचा मजकूर ६८०० अक्षरांचा आहे. तो त्या बॅगेत बसतच नाही. त्याला दुसरी युक्ती शोधावी लागते आणि ते काम चालू आहे.

चौथी किंमत. २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेत दोन्ही डोळ्यांची किंमत जाहीर झाली, ८ लाख ५० हजार डॉलर. त्या वेळच्या दरानं पाच कोटी रुपयांहून अधिक, आणि तीही फक्त औषधाची. कंपनीचं म्हणणं, असे रुग्ण जगात फार थोडे आणि संशोधनाचा खर्च प्रचंड. तिकडे विमा कंपन्यांशी ‘गुण आला नाही तर काही पैसे परत’ असे करारही झाले. पण आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीनं हा आकडा म्हणजे बंद दरवाजाच. ब्रिटनमध्ये तो दरवाजा सरकारनं उघडला. आपल्याकडे तो उघडायचा तर या रुग्णांची नोंद आधी व्हायला हवी.

आता सांगलीच्या कुटुंबाकडे येतो. तेव्हा या उपचाराची बातमी सगळीकडे आली होती. वडिलांनी पेपरचं कात्रण जपून आणलं होतं. ‘घर विकतो, पण पोराला दिसू दे,’ म्हणाले. मी म्हटलं, घर विकायच्या आधी एक तपासणी करू. मुलाचं आणि दोघा पालकांचं रक्त जनुकीय चाचणीला पाठवलं. काही आठवड्यांनी अहवाल आला. दोष आरपीई-६५ मध्ये नव्हता, दुसऱ्याच जनुकात होता, ज्यावर उपचार उपलब्ध नव्हता.

तो अहवाल समजावून सांगणं सोपं नव्हतं. वडील रडले. मी त्यांना रडू दिलं. नंतर मात्र त्या एका कागदानं काय काय केलं ते बघा. त्यात दोघांकडूनही एकेक बिघडलेली प्रत आल्याचं छापलेलं होतं. विळी आणि ग्रहणाचा विषय त्या घरात संपला. तिची माफी आजींनी माझ्यासमोर मागितली नाही, पण पुढच्या खेपेला नातवाला कडेवर घेऊन त्याच आल्या होत्या आणि सुनेची पिशवीही त्यांच्याच हातात होती. पुढच्या गरोदरपणात काय शक्यता आहे, कुठली तपासणी करता येते, हे त्या जोडप्याला कळलं. घर विकलं गेलं नाही. आणि मुलाचं शिक्षण उपचाराची वाट बघत अडकलं नाही. बोटांनी ओळखायचे खेळ त्याला दुसऱ्या वर्षापासून मिळाले, पुढे ब्रेल आणि बोलणारा कॉम्प्युटर. त्याच्या जनुकाचं नाव फाइलमध्ये आहे. उद्या त्या जनुकावर चाचणी सुरू झाली, तर कोणाला फोन करायचा ते आम्हाला माहीत आहे.

याउलट दुसरं एक कुटुंब. दोन भाऊ, दोघांनाही रातांधळेपणा वाढत चाललेला. कुठल्याशा शहरातल्या एका दवाखान्यात ‘स्टेम सेल’ची इंजेक्शनं घेऊन आले, शेताचा तुकडा विकून. जनुकाची चाचणी कोणी केलेली नव्हती. नजरेत काही फरक नव्हता, जमीन मात्र गेली. यापेक्षाही वाईट घडू शकतं. अमेरिकेत फ्लॉरिडामध्ये २०१५ साली, वयोमानानुसार पडदा झिजलेल्या तीन वृद्ध महिलांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी सोडल्या. तिघींची उरलीसुरली नजरही गेली. हा वृत्तान्त २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात आला आहे. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात की रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर रीतसर चाचणीबाहेर करू नये.

म्हणून माझं आजचं सांगणं एका वाक्यात असं: दृष्टीची आशा जरूर धरा, पण आधी जनुकाचं नाव शोधा. नाव कळल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नका. कोणी ‘चाचणी चालू आहे, तुम्हाला घेतो’ म्हणालं, तर ती भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली आहे का ते बघा. ही नोंदणी इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. आणि डॉक्टरांनी उपचार नाही सांगितलं, तरी काठी, ब्रेल, शाळा, अपंगत्वाचं प्रमाणपत्र यांत दिरंगाई नको. २०१६ च्या कायद्यानं ४० टक्के आणि त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना शिक्षणात आणि नोकरीत हक्क दिले आहेत.

आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षांत जिन्याला कठडे आले, लिफ्ट आली, यंदा रॅम्पही झाला. लिफ्टच्या बटणांवर उठावाचे ठिपके बसवावेत, अशी विनंती मी कार्यकारिणीला करतो. खर्च किरकोळ आहे. येणाऱ्या पाहुण्यांत कोणी ना कोणी ते वापरेल, आणि वय वाढलं की आपल्यालाही लागतील.



श्रोत्यांचे काही प्रश्न

प्रश्न : नेत्रदानातून मिळालेले डोळे या मुलांना बसवता येतील का?

उत्तर : नाही. नेत्रदानातून आपण पुढचा पारदर्शक भाग, म्हणजे कॉर्निया बसवतो. या मुलांचा कॉर्निया स्वच्छच असतो, दोष मागच्या पडद्यात असतो. पडद्याचं किंवा अख्ख्या डोळ्याचं प्रत्यारोपण करून दृष्टी देता येत नाही. पण कॉर्नियामुळे अंध झालेल्यांसाठी नेत्रदान मोलाचं आहे, त्यामुळे अर्ज भरलेत तो रद्द करू नका.

प्रश्न : गाजर, पपई, अ जीवनसत्त्वाचे डोस यांनी फरक पडेल का?

उत्तर : रातांधळेपणा दोन प्रकारचा असतो. जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे होणारा डोस दिल्यावर लवकर सुधारतो. म्हणून तर बाळाला नवव्या महिन्यापासून हे डोस देतात आणि ते चुकवू नयेत. आरपीई-६५ च्या आजारात कच्चा माल भरपूर असतो, यंत्र बंद असतं. तिथे जास्त डोस दिले तर यकृताला त्रास होईल, नजर वाढणार नाही.

प्रश्न : माझ्या भाच्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, वय ४०. त्याच्यासाठी काही आहे का?

उत्तर : हे नाव अनेक जनुकांच्या आजारांना मिळून दिलेलं आहे, त्यामुळे आधी चाचणी करा. फार थोड्या जणांत कारण आरपीई-६५ असतं. ज्यांच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी गेल्या आहेत, त्यांच्यासाठी दुसरी वाट शोधली जात आहे. पडद्यातल्या उरलेल्या पेशींनाच प्रकाश ओळखायला शिकवायचं. २०२१ साली ५८ वर्षांच्या एका अंध माणसाला अशा उपचारानंतर, खास गॉगल लावून, टेबलावरच्या वस्तू चाचपडत का होईना ओळखता आल्याचा अहवाल आला. ही सुरुवात आहे, दवाखान्यातला उपचार अजून नाही.

प्रश्न : बिघडलेलं जनुक जागच्या जागी दुरुस्त करता येत नाही का?

उत्तर : तोही प्रयत्न झाला आहे. लेबरच्या अंधत्वाच्याच एका वेगळ्या जनुकावर, अमेरिकेत, डोळ्याच्या आत जनुकाची काटछाट करणारं औषध सोडलं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात १४ पैकी ११ जणांच्या निदान एका मोजमापात सुधारणा दिसली. त्यात भाग घेणाऱ्या प्रत्येकाला आपल्या जनुकाचं नाव आधीपासून माहीत होतं.

प्रश्न : आमच्या घरी लग्नाची बोलणी चालू आहेत, मुलगी मामाचीच आहे. मोडायचं का?

उत्तर : लग्न मोडा असं मी सांगणार नाही. दोन्ही घरांत जन्मापासून न दिसणारं, न ऐकू येणारं किंवा लहानपणीच गेलेलं मूल आहे का, हे वडीलधाऱ्यांना मोकळेपणानं विचारा. असेल तर लग्नाआधी जनुकीय सल्लागाराला भेटा. आणि काहीही निघालं, तरी ते दोन्ही घरांचं समजा, एकट्या मुलीच्या माथी मारू नका.